गृहपाठ ग्रुपवरून पुन्हा वहीत आणा : शालेय शिक्षण विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. शिक्षण आयुक्त, पुणे

महोदय,

आमच्या शाळेत विद्यार्थ्यांनी मोबाइल आणायचा नाही. तसा फलक फाटकातून आत आल्याबरोबर दिसतो, आणि दप्तर तपासणीत सापडलेला फोन पालक येईपर्यंत मुख्याध्यापकांच्या कपाटात राहतो. याच शाळेचा गृहपाठ मात्र रोज संध्याकाळी प्रत्येक वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो. कधी फळ्याचा फोटो, कधी पीडीएफ, कधी यूट्यूबची लिंक आणि खाली सूचना : सोडवलेल्या पानांचे फोटो रात्री नऊपर्यंत पाठवावेत. दिवसा जी वस्तू दप्तरात सापडली म्हणून पोराला ऑफिसात उभं केलं, तीच वस्तू रात्री त्याच्या हातात नव्हती म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात उभं करतात. ही एका शाळेची तऱ्हा नाही. तालुक्याच्या बैठकीत भेटणाऱ्या बहुतेक शिक्षकांकडून हेच ऐकते.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. शाळेतल्या मोबाइलबंदीची निवेदनं आपल्याकडे पालकांची, संस्थाचालकांची, लोकप्रतिनिधींची येतच असणार. माझी मागणी त्यांच्यापेक्षा लहान आहे आणि तिला पैसेही जवळपास लागत नाहीत. पहिलीपासून दहावीपर्यंतच्या कोणत्याही शाळेने मुलांना अभ्यास मोबाइलवरून द्यायचा नाही आणि मोबाइलवरून परत मागायचा नाही, एवढा लेखी आदेश आपण काढा. मुलांच्या हातातला फोन कमी करायचा असेल तर त्याआधी शाळेने स्वतः दिलेला फोन काढून घ्यावा लागेल.

ही सवय कधी लागली ते आपल्यालाही ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये शाळांना टाळं लागलं आणि बघता बघता वर्गावर्गाचे ग्रुप निघाले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला त्यांवर रोज यायची. रेंज मिळावी म्हणून मुलं टेकाडावर जाऊन बसायची. ज्या घरात बटणांचा एकच फोन होता, तिथल्या बापानं उचल घेऊन स्मार्टफोन आणला, कारण शाळेनंच तो आणायला सांगितला होता. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता, आणि त्या काळात अनेक शिक्षकांनी जीव तोडून काम केलं. पण शाळा पुन्हा भरल्या तेव्हा हे ग्रुप कुणी मिटवले नाहीत, मिटवा असं वरून कुणी सांगितलंही नाही. उलट ते सगळ्यांच्या सोयीचे झाले. शिक्षकाची तासाची शेवटची पाच मिनिटं वाचली. ग्रुपवर काहीतरी पडत राहिलं की शाळा जोरात चालू आहे असं पालकांना वाटू लागलं. मुख्याध्यापकांना भेटीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांसमोर दाखवायला पुरावा मिळाला.

आता संध्याकाळी घरात काय होतं ते सांगते. आमच्या भागात घरातला बरा फोन बहुधा वडिलांकडे नाहीतर मोठ्या भावाकडे असतो. वडील एमआयडीसीतून, दूध संकलनावरून किंवा फडावरून घरी येईपर्यंत साडेसात-आठ वाजतात. तोवर पोरगं दप्तर उघडत नाही, कारण काय करायचं ते फोनवर आहे. फोन आला की आधी कुणी घ्यायचा यावरून दोन भावंडांत झोंबाझोंबी. मग अभ्यासाला खरी लागणारी वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्याच्या पुढे रील्स, गेम, स्टेटस, अकरापर्यंत, कधी बारापर्यंत. आई मध्ये येऊन फोन ठेव म्हणाली की उत्तर तयार असतं : "मॅडमनी अभ्यास टाकलाय." सातवी-आठवी शिकलेली आई यापुढे काय बोलणार? ती स्क्रीनकडे एकदा बघते आणि भाकरीकडे वळते. पालकसभेत आया मला हे सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार कमी आणि संकोच जास्त असतो, आपल्यालाच काही कळत नाही असा. वास्तविक त्यांच्या हातातला अधिकार आमच्या त्या एका मेसेजनं काढून घेतलेला असतो.

'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर २०२४' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं गेलं. देशभरातल्या या वयाच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८० टक्क्यांहून जास्त मुलांना तो वापरता येत होता. वापरता येणाऱ्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या एखाद्या कामासाठी फोन वापरलेली मुलं ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. फोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांपैकी २७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, १६व्या वर्षी हे प्रमाण जवळपास ३८ टक्क्यांवर जातं. म्हणजे आठवी-नववीच्या मुलांपैकी बहुसंख्य अजून घरातल्या मोठ्यांच्या फोनवर आहेत. हीच ती दोन-तीन वर्षं, जेव्हा फोन किती वेळ द्यायचा हे घर ठरवू शकतं. नेमक्या त्याच वर्षांत शाळा घराचा हा हक्क मोडून काढते आहे.

परिणाम मला सकाळच्या पहिल्या तासाला दिसतात. मुलं गोंधळ घालत असतील अशी आपली समजूत असेल, तर तसं फारसं नसतं. वर्ग शांत असतो, फार शांत. डोळे उघडे, पेन हातात, आणि प्रश्न विचारला की आधी "अं?" परिपाठात उभ्या उभ्या जांभया. १३ ते १८ वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. इथे सहा मिळाली तरी पुष्कळ. मुलं उशिरा झोपतात आणि त्यांची झोप होत नाही, हे आपल्या विभागानं मान्य केलेलंच आहे. त्याच कारणावरून फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला. चांगला निर्णय होता. पण त्यात घड्याळ पुढे सरकवलं, रात्र तशीच ठेवली. आणि पाचवीपासून पुढच्या मुलांचा त्यात उल्लेखही नाही.

दुसरा परिणाम माझ्या विषयातला आहे, त्यामुळे त्यावर जरा थांबते. उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी अॅप आता प्रत्येक पोराला माहीत आहेत. आता तर चॅटबॉटला मराठीतही विचारता येतं. मी अवयव पाडून सोडवायला दिलेलं वर्गसमीकरण वहीत सूत्रानं सुटून येतं, तेही वर्गात सूत्र शिकवायच्या आधी. एकानं अॅपवरून उतरवलं की त्याच्या पानाचा फोटो ग्रुपबाहेरच्या दुसऱ्या ग्रुपवर जातो आणि सकाळी निम्म्या वर्गाच्या वह्यांत तीच उत्तरं, त्याच ठिकाणी खाडाखोड केलेली, सापडतात. खाडाखोडसुद्धा उतरवतात, याचं मला कधी कधी कौतुक वाटतं. गृहपाठ शंभर टक्के पूर्ण, आणि घटक चाचणीत तेच उदाहरण आकडे बदलून आलं की कोरं पान.

कॉपी आमच्याही वेळी होती. कोणत्या बाकावरून कोणती वही फिरते ते गुरुजींनाही माहीत असायचं. पण उतरवायला त्या वेळी कुणाकडे तरी जावं लागायचं, आणि ज्याच्याकडे जायचं त्यानं ते स्वतः सोडवलेलं असायचं. आता वर्गात कुणीच न सोडवलेला गृहपाठ सगळ्यांचा पूर्ण असू शकतो. दहावीच्या भूमितीत वर्तुळाच्या स्पर्शिकेवरची उदाहरणं आहेत. त्यांतलं एखादं सुटण्याआधी मुलाला आकृतीकडे नुसतं बघत बसावं लागतं. त्रिज्या कुठे जोडायची, काटकोन कुठे सापडेल, कोणते दोन त्रिकोण एकरूप निघतील, हे सुचेपर्यंत दहा मिनिटं काहीच होत नाही. ही रिकामी दहा मिनिटं म्हणजेच भूमिती. त्यातून गेल्याशिवाय प्रमेय पाठ होईल, पण वापरता येणार नाही. फोन हातात असलेल्या मुलाला ही दहा मिनिटं कधीच मिळत नाहीत. चाळिसाव्या सेकंदाला त्याचा अंगठा हलतो. मी वर्गात मुद्दाम असं एक उदाहरण देऊन गप्प बसते. पूर्वी मुलं कुजबुजायची, वाद घालायची. आता पहिल्या मिनिटातच विचारतात, "मॅडम, उत्तर काय आहे?"

तिसरी गोष्ट शाळेच्या नोंदींत येत नाही. प्रत्येक वर्गाचा शिक्षक नसलेला एक ग्रुप असतो. आमच्याच अधिकृत ग्रुपवरून सगळ्यांचे नंबर घेऊन तो बनतो. त्यात रात्री जे घडतं ते सकाळी वर्गात येतं : कुणाला काढून टाकलं, कुणाच्या फोटोवर काय लिहिलं, कुणाच्या नावानं खोटं खातं उघडलं. मधल्या सुट्टीतल्या मारामारीचं कारण शोधायला गेलं तर बहुतेक वेळा ते आदल्या रात्रीचं निघतं. यात मुलींचं होणारं नुकसान वेगळं आहे. मुलगी अनेकदा भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवरून गृहपाठ पाठवते, म्हणजे तिचा नंबर म्हणून जो वर्गात फिरतो तो घरातल्या पुरुषाचा. एखाद्या टवाळ मेसेजनं घरात वादळ होतं. मग घरचे त्यावर जे उपाय करतात ते फोनपुरते राहत नाहीत. आधी तिचा फोन बंद, मग क्लास बंद, मग "दहावी झाली की बघू". हे बोलताना मला कुणा एकीचं नाव घ्यायचं नाही, घ्यायची गरजही नाही. ग्रामीण भागात शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा. बरं, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हे क्रमांक किती शाळांच्या भिंतीवर लिहिलेले आहेत, याची एकदा माहिती मागवाच. अशी माहिती मागवली तर मी तक्रार करणार नाही.

आता बंदीबद्दल. फ्रान्सनं २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत फोन बंद केले, नेदरलँड्सनं २०२४ पासून माध्यमिक वर्गांत. २०२४ अखेर जगातल्या ७९ शिक्षणव्यवस्थांत या ना त्या स्वरूपाची बंदी होती असं युनेस्को सांगते. यातून फायदा होतो का? वर्गात होतो, आणि कुणाला होतो हे पाहण्यासारखं आहे. दोन अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचे निकाल तपासले होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधन केंद्रानं २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. बंदीनंतर गुण वाढले ते अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे. हुशार मुलांना काही फरक पडला नव्हता. अलीकडे भारतातल्याच दहा उच्च शिक्षण संस्थांत सुमारे १७ हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. तासाआधी फोन जमा करून घेतले, तेव्हा गुण थोडे वाढले आणि त्यातही जास्त फायदा मागे असलेल्यांचा झाला. आमच्या वर्गात पुढच्या बाकावरची पोरं फोन असला तरी शिकतात आणि नसला तरी शिकतात. जी मधल्या बाकांवर काठावर बसलेली असतात, त्यांना तो बुडवतो. सरकारी आणि अनुदानित शाळा प्रामुख्यानं अशाच मुलांसाठी आहेत.

पण याच्या जोडीला आणखी एक अभ्यास वाचायला हवा. बर्मिंगहॅम विद्यापीठानं इंग्लंडमधल्या ३० शाळांतल्या १,२२७ मुलांची माहिती घेऊन २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. फोन बंद असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात, झोपेत फरक सापडला नाही. मात्र दिवसभरात फोनवर जाणारा एकूण वेळ जितका जास्त, तितकी मुलांची झोप, मन आणि वर्गातलं वागणं बिघडलेलं दिसलं. शाळेनं सहा तास फोन काढून घेतला तरी उरलेल्या वेळात त्याची भरपाई होते, असा मी त्याचा अर्थ लावते. म्हणजे फाटकावरच्या फलकाला मर्यादा आहे. लढाई संध्याकाळची आहे, आणि संध्याकाळी आपण कोणत्या बाजूला उभे आहोत ते मी वर सांगितलंच.

संध्याकाळचा विचार सरकारच्या आधी आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावानं केला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचे असं ग्रामसभेनं ठरवलं. साडेआठला पुन्हा भोंगा. त्या दीड तासात मुलांनी अभ्यासाला बसायचं. सुरुवातीला लोक हसले. मग घरोघर फिरून समजूत घातली गेली. त्यातला मला पटलेला भाग हा की नियम मोठ्यांनाही होता. मालिका बघणारी आजी आणि फोनमध्ये बुडालेला बाप यांच्यामध्ये बसून पोरानं बीजगणित सोडवावं ही अपेक्षा तिथे ठेवली नाही. यवतमाळमधल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं त्याच वर्षी वेगळी वाट धरली : अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद, नाहीतर २०० रुपये दंड. दंडाच्या वाटेवर माझा विश्वास नाही, पण गावाला हे करावंसं वाटलं यातच सगळं आलं. आता विचार करा, अशा एखाद्या गावात सातला भोंगा वाजतो आणि सव्वासातला शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो. मुलानं कुणाचं ऐकायचं?

विभागाच्या कामांसाठी शिक्षकांच्या हातात असलेल्या मोबाइलचाही विषय काढायलाच हवा. शालेय पोषण आहाराची रोजची माहिती अॅपवर. हजेरी ऑनलाइन. प्रशिक्षणाची लिंक, तिची उत्तरं, तिचं प्रमाणपत्र. वृक्षारोपणाचे फोटो, शपथेचे फोटो, दिनविशेषाचे फोटो, आणि फोटोत तारीख-ठिकाण दिसलंच पाहिजे. 'परीक्षा पे चर्चा'मध्ये मुलांनी गॅजेटपासून लांब राहावं असा सल्ला मिळतो. तो ऐकण्यासाठीची मुलांची ऑनलाइन नोंदणी आम्ही भर तासाला मोबाइलवर करत असतो. माहिती 'तात्काळ' हवी असते, आणि तात्काळ म्हणजे चालू तासाला. मग शिक्षक फळ्याकडे पाठ करून फोनमध्ये बघत उभा आहे, हे दृश्य मुलं रोज बघतात. तो आहाराची माहिती भरतोय की स्टेटस बघतोय हे शेवटच्या बाकावरून कळत नाही. काही जण स्टेटसही बघतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आधी विभागानं तासाच्या वेळेतली ऑनलाइन कामं काढून घ्यावीत, म्हणजे मग शिक्षकानं वर्गात फोन नेऊ नये असं ठणकावून सांगता येईल. तशी सूचना आलेली मला आवडेल.

फोन जमा करून घेण्याचं बोलायचं तर तेही कागदावर सोपं आहे. वाडी-वस्तीवरून एसटीनं येणाऱ्या मुलीला फोन लागतो. संध्याकाळची गाडी रद्द झाली तर ती स्टँडवरून घरी कशी कळवणार? शाळेचा जुना लँडलाइन कधीच बंद पडला. तेव्हा तिनं फोन आणावा, सकाळी जमा करावा, सुटताना घ्यावा, हे रास्त आहे. दिल्ली उच्च न्यायालयानंही फेब्रुवारी २०२५ मध्ये साधारण हेच सांगितलं : शाळेत फोनवर सरसकट बंदी इष्ट नाही आणि ती पाळलीही जाणार नाही, जमेल तिथे तो जमा करून घ्यावा, वर्गात वापरू देऊ नये. पण जमा कुणी करून घ्यायचा? अनुदानित शाळांत शिपायाची जागा रिकामी झाली की ती भरायची नाही, त्याऐवजी ठोक भत्ता द्यायचा, हे धोरण आपण डिसेंबर २०२० मध्ये आणलं. दोनशे फोन, त्यांची नोंद, त्यांचं कपाट, आणि एखाद्याची काच फुटली तर पालकाशी भांडण, हे सगळं पुन्हा वर्गशिक्षकावर येतं. बंदीचा आदेश काढायचा असेल तर त्यासोबत एक कुलूपबंद कपाट आणि ते सांभाळणारं एक माणूस द्या. ज्या मुलाला खरोखर गरज आहे त्याचा अपवादही स्पष्ट लिहा. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांची साखर मोजणारी उपकरणं आता फोनला जोडलेली असतात, दृष्टिहीन मुलाला फोन पुस्तक वाचून दाखवतो. त्यांना रोज कुणाकडे तरी विनवणी करावी लागू नये.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा अर्थ कृपया काढू नका. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. शंकूचा छेद कसा दिसतो किंवा पृथ्वीचा आस कललेला असणं म्हणजे काय, हे मी स्वतः वर्गात प्रोजेक्टरवर दाखवते आणि त्याचा उपयोग होतो. पण तिथे पडदा एक असतो, तो सगळ्यांसमोर असतो आणि कधी बंद करायचा ते मी ठरवते. घरी, रात्री, एकट्या मुलाच्या हातात असलेल्या फोनवर यातलं काहीच नसतं. बालभारतीच्या पुस्तकावरचा कोड पुस्तकाला पूरक आहे. ग्रुपवरचा गृहपाठ पुस्तकाची जागा घेतो.

माझ्या सहकाऱ्यांचा एक आक्षेप आधीच सांगते, कारण तो आपल्यापर्यंत येईलच. फळ्यावर गृहपाठ लिहायला वेळ जातो, आणि गैरहजर मुलाला तो कसा कळणार? वेळ जातो हे खरं आहे. पस्तीस मिनिटांच्या तासातली चार-पाच मिनिटं जातात. त्याच्या बदल्यात मुलगा गृहपाठ हातानं उतरवून घेतो, लिहिताना एकदा वाचतो, आणि न समजलेलं तिथेच विचारतो. गैरहजर मुलानं शेजारच्या मित्राच्या घरी जावं. गावात ते अजून शक्य आहे. पालकांचा आक्षेप वेगळा असेल : आम्हाला अभ्यास कळणार कसा? वहीतून कळेल. रोजच्या गृहपाठाचं पान आई बघेल, खाली सही करेल. लिहिता न येणारी आई अंगठा देईल, पण ते पान तिच्या हातात तर येईल.

तेव्हा आदेशात काय असावं ते लिहिते. गृहपाठ वर्गातच द्यावा आणि वहीतच तपासावा. लिंक, फोटो, पीडीएफ, ऑनलाइन चाचणी यांपैकी काहीही मुलांवर बंधनकारक नसावं. वर्गाच्या ग्रुपवर सुट्टी, पाऊस, सभा एवढ्याच सूचना याव्यात, फक्त शिक्षकाला लिहिता येईल अशी सोय ठेवून, आणि त्या शाळेच्या वेळेतच. फोन जमा करण्याचे नियम प्रत्येक शाळेच्या व्यवस्थापन समितीनं ठरवावेत. शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका बसवलेल्या आहेत, आणि रात्री फोनवरून होणारी भांडणं त्याच सोसतात. खासगी विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही हे लागू करा. त्यांच्यातल्या कित्येकींनी गृहपाठासाठी स्वतःची अॅपच काढली आहेत, आणि त्यांचं बघून बाकीचे करतात.

पुढच्या वर्षाच्या प्रवेशाची आणि तुकड्यांची तयारी आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये होते. आदेश त्याआधी निघाला तर जूनच्या पहिल्या पालकसभेत तो वाचून दाखवता येईल. उशीर झाला तर शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्रीच नवे ग्रुप तयार होतील, कारण प्रवेशाच्या फॉर्मवर व्हॉट्सअॅप नंबरचा रकाना आताच छापलेला आहे.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका
जिल्हा सांगली